बंदूक दुरुस्त करणारा आणि दूरचित्रवाणीचा पडदा

मराठीत बंदूक चालविणाऱ्याला नावे पुष्कळ आहेत. तोफची, गोलंदाज, बरकंदाज, गारदी, नेमबाज. यादी आणखीही वाढविता येईल. त्यांतला गोलंदाज तर तोफखान्यातून निघून क्रिकेटच्या मैदानावर असा स्थायिक झाला, की त्याचा मूळ धंदा सांगितला तर शाळेतल्या मुलाला खरे वाटत नाही. तलवारीला धार व झिलई देणाऱ्या शिकलगाराचे नाव कोल्हापूर-बेळगावकडे आडनाव होऊन राहिले आहे. परंतु बंदुकीची नळी घडविणारा, घोडा बसविणारा, दस्ता कोरणारा जो कारागीर, त्याला घरोघर समजेल असा एकही रूढ शब्द आपल्याजवळ नाही. लोहार म्हणावे, तर तो नांगराचा फाळही करतो. ओतारी म्हणावे, तर त्याचे हात पितळेच्या मूर्तीतही गुंतलेले असतात. भाषेने बंदूक उडविणारा लक्षात ठेवला आणि घडविणारा विसरला, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

बंदूक घडविणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर दूरचित्रवाणीवर एक मालिका व्हावी, ती मराठीत व्हावी आणि तिचे स्थळ बेळगाव-निपाणीचा भाग असावे, अशी कल्पना एका तरुण मित्राने आमच्यापुढे मांडली, तेव्हा प्रथम आम्हांस आठवली ती हीच शब्दाची उणीव. कल्पना थट्टेवारी नेण्याजोगी खास नाही. साहित्यविषयक नियतकालिकात तिची चर्चा कशासाठी, असे काही सभासद विचारतील. त्यांनी एवढेच आठवावे की, रणजित देसाई यांची 'स्वामी' ही १९६२ सालची कादंबरी जितक्या घरांत वाचली गेली, त्याहून कितीतरी अधिक घरांत ती १९८७ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावरून पोहोचली. देसाई कोवाडचे. कोवाड कोल्हापूर जिल्ह्यात असले, तरी त्याची पेठ बेळगावच. म्हणजे मराठी ऐतिहासिक मालिकेच्या आरंभीच्या यशामागे याच टापूतील एका लेखकाची लेखणी होती. तेव्हा या टापूतून पडद्यासाठी पुढे काय निघावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

अशा कार्यक्रमाचा नमुना परदेशी आहे, हे प्रथम मान्य करावे. अमेरिकेत डिस्कव्हरी वाहिनीवर २०११ साली 'सन्स ऑफ गन्स' आणि 'अमेरिकन गन्स' असे दोन कार्यक्रम सुरू झाले. दोहोंचा साचा जवळजवळ एकच. गिऱ्हाईक जुने हत्यार घेऊन येते, किंमतीची घासाघीस होते, कारखान्यातील बापलेकांचे वा मालक-नोकरांचे खटके उडतात, थोडे कानस चालविणे, थोडी झिलई, आणि शेवटी मोकळ्या माळावर जाऊन बार. हा बार म्हणजे भागाचा कळस. मधली कारागिरी त्याची वाट पाहायला लावण्यापुरती. २०१२ च्या डिसेंबरात कनेटिकट राज्यातील न्यूटाऊन येथे एका प्राथमिक शाळेत बालकांची हत्या झाली, आणि त्याच महिन्यात 'अमेरिकन गन्स' पुढे चालणार नसल्याचे वाहिनीने जाहीर केले. दुसरा कार्यक्रमही २०१४ साली संपला. २०१५ मध्ये हिस्टरी वाहिनीवर आलेला 'फोर्ज्ड इन फायर' हा पाती घडविण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम मात्र पुष्कळ वर्षे चालला. पाते घडविणाऱ्याचा घाम, त्याची चूक, पाण्यात बुडविताना तडकलेले पोलाद, हे त्यात निदान दिसते तरी. बंदुकीच्या कार्यक्रमांना हे साधले नाही, याचे कारण आमच्या मते बाराच्या आवाजात आहे. एकदा तो ऐकू आला की मागचे सारे पुसले जाते.

नाटकाच्या अभ्यासकांना चेकॉव्हचा प्रसिद्ध दंडक ठाऊक आहे. रंगमंचाच्या भिंतीवर पहिल्या अंकात बंदूक टांगलेली दिसली, तर पुढे ती उडालीच पाहिजे. उडणार नसेल तर टांगू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या दंडकाने नाटककारांना शिस्त लावली, यात शंका नाही. पण बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे दुकान ही अशी एक जागा आहे, की जेथे हा दंडक जसाच्या तसा लागू केला तर धंदा बुडेल. तेथे भिंतीवर वीस बंदुका टांगलेल्या असतात आणि वर्षभरात त्यांतील एकही दुकानात उडत नाही. उडू नये हेच कारागिराचे कौशल्य. घोडा किती हलका असावा, चाप कितीशा दाबाने सुटावा, खटका बसल्यावर ती धक्क्याने आपोआप सुटणार नाही ना, हे तो पुनःपुन्हा तपासतो. ज्याला या दुकानावर मालिका लिहावयाची आहे त्याला चेकॉव्हचा हात सोडावा लागेल. त्याला न उडणाऱ्या बंदुकीतून नाट्य काढता आले पाहिजे. हे अवघड आहे, आणि अवघड आहे म्हणूनच ही कल्पना आम्हांस विचारार्ह वाटते.

न उडणाऱ्या बंदुकीत पाहण्यासारखे काय असते? पुष्कळ असते. नळी तपासण्याची जुनी रीत घ्या. कारागीर ती दस्त्यापासून सोडवितो, पुसतो आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून तिच्यातून पाहतो. आतल्या भिंतीवर प्रकाशाची वलये एकात एक पडलेली दिसतात. नळी सरळ असेल तर ती सारी एकाच मध्याभोवती बसतात. कोठे पोचा असेल, किंचित वाक असेल, तर तेवढ्या ठिकाणी वलय बिघडते. डोळ्याने हेरलेला हा दोष मग हलक्या ठोक्यांनी काढावयाचा, पुन्हा पाहावयाचे, पुन्हा ठोकावयाचे. आपल्याकडच्या जुन्या नळ्या तर पुष्कळदा लोखंडाची पट्टी गजाभोवती पिळून, तापवून, ठोकून सांधलेल्या असत, आणि झिलई उतरली की त्या पिळाची नक्षी पाण्यावरच्या तरंगासारखी वर येई. एक डोळा मिटून नळीतून उजेड पाहणारा म्हातारा कारागीर हे चित्र दूरचित्रवाणीच्या निकटदृश्यासाठीच घडले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याला पार्श्वसंगीताची गरज नाही. आमच्या मालिकांना तेवढी शांतता सोसेल काय, हा प्रश्न निराळा.

शब्दांचे धन तर याहून मोठे. बंदूक हा शब्द अरबीतून आला, तोफ तुर्कीतून. काडतूस आणि पिस्तूल ही पोर्तुगिजांची देणगी. तोड्याची बंदूक आणि तिची जामगी, रंजक आणि रंजकदाणी, ठासणीची बंदूक आणि तिचा गज, छर्रे, टोपी, चाप. यांतील निम्मे शब्द आता केवळ कोशात आहेत आणि उरलेले एखाद्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याच्या तोंडी. तोफ निकामी करताना तिच्या कानात मेख मारीत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कान आणि मेख हे दोन घरगुती शब्द एकदम निराळे दिसू लागतात. फुसका बार, दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक, लांब पल्ला हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. वर्गात ते शिकविणाऱ्या शिक्षकाला पडद्यावर त्यांची मूळ वस्तू दाखविता आली, तर त्याचे निम्मे काम होईल. सीमाभागात या शब्दसंग्रहाला आणखी एक पदर आहे. पलीकडच्या बाकावर बसलेला गिऱ्हाईक तिला कोवी म्हणतो, आणि दुकानदार दोन्ही शब्दांना ओ देतो.

मात्र बेळगाव म्हणजे मुंगेर नव्हे. मीर कासिमाच्या काळापासून बंदुकांसाठी नावाजलेल्या त्या बिहारमधील शहरासारखी परंपरा बेळगावच्या नावावर उगाच चढवू नये. मराठी राज्यकर्त्यांच्या मोठ्या शस्त्रशाळांपैकी नाव घ्यावी अशी महादजी शिंद्यांची आग्र्याची. तेथे द बॉयनच्या पलटणींसाठी सांग्स्टर नावाचा स्कॉटिश गृहस्थ तोफा ओतवी व बंदुका घडवी; बंदुकीला सुमारे दहा रुपये खर्च येई असे सांगतात. सांग्स्टरचे नाव राहिले. त्याच्या भट्टीशी उभ्या असलेल्या देशी कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. बेळगावजवळ जे आहे ते वेगळे. उद्यमबागेतील ओतशाळा आणि लेथ, तेथे तासाभरात सुताच्या अंशापर्यंत माप घेणारे हात, लष्करी छावणी, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, आणि पलटणीत आर्मरर म्हणून हयात घालवून निवृत्त झालेली माणसे. शिवाय खानापूर तालुक्याचे रान. रानडुकरे आणि गवे पिकात शिरतात, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबाच्या वेळची ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी त्या भागात नवा नाही. असे हात, असे गिऱ्हाईक आणि असे रान एकत्र आल्यावर लेखकाला आणखी काय हवे?

हवे ते एकच, आणि ते टाळता येणार नाही. या भागातील मराठी माणसाला बंदूक नळीच्या तोंडाकडून ठाऊक आहे. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर निपाणीस गोळ्या झाडल्या गेल्या. तेथे भाषेचा प्रश्न नव्हता, भावाचा होता. १९८६ च्या १ जूनला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला, आणि हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. ज्या प्रेक्षकाच्या घरात या तारखा दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेल्या असतात, त्याच्यापुढे चकचकीत नळी फिरवून दाखविणे आणि शेवटी माळावर बार काढून टाळ्या मिळविणे याला आम्ही रसिकतेचा अभाव म्हणू. परदेशी साचा येथे जसाच्या तसा आणता येणार नाही, याचे कारण नीतिपाठात शोधण्याची गरज नाही. प्रेक्षकाच्या स्मृतीतच ते आहे. या प्रेक्षकाला बाराचा आवाज नवा नाही. त्याने न ऐकलेला आवाज कानशीचा आहे.

कोणी म्हणतील, मग हा विषयच सोडावा. आम्हांस ते पटत नाही. या जिल्ह्यांतील शस्त्रांच्या कथा मराठीत आणि कन्नडमध्ये आधीच सांगितल्या जात आहेत, आणि त्या एकाच बाजूने सांगितल्या जात आहेत. कित्तूरची गोष्ट पाहा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कलेक्टर थॅकरे तेथे मारला गेला. लोकपरंपरा गोळी झाडणाऱ्या अमटूर बाळप्पाचे नाव आदराने घेते. १९६१ च्या 'कित्तूर चन्नम्मा' या कन्नड चित्रपटाने ही कथा घरोघर नेली. नेमबाज ठाऊक, राणी ठाऊक, पडलेला कलेक्टर ठाऊक. पण बाळप्पाच्या हाती ती बंदूक कोणी ठीकठाक करून दिली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारला तर कथा लहान होईल असे वाटते की काय, कोण जाणे.

याहून महत्त्वाचे उदाहरण हलगलीचे. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानातले हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. १८५७ साली शस्त्रे सरकारजमा करण्याचा कायदा आला, तेव्हा तेथील बेरडांनी हत्यारे देण्याचे नाकारले. कंपनीचे सैन्य आले, गाव जळाले, पकडलेल्यांना फाशी झाली. जॉन फ्लीट यांनी 'इंडियन अँटिक्वेरी'त ज्या कन्नड लावण्या छापल्या, त्यांत या प्रसंगावरची लावणी आहे. हत्यार मागण्याचा हुकूम हाच तिच्यातील संघर्षाचा मूळ धागा. बेरडाच्या लेखी हत्यार म्हणजे त्याची राखण करण्याची नोकरी, त्याची ओळख आणि त्याची भाकर. ती गेल्यावर त्या समाजाचे काय झाले, हे मराठी वाचकाला बेळगावजवळच्या यमनापूरच्या भीमराव गस्ती यांच्या 'बेरड' या आत्मकथनाने सांगितले. ज्यांच्याकडून शस्त्र काढून घेतले त्यांच्याच दारी पोलीस संशयाने येत राहिले. लावणी आणि आत्मकथन यांच्यामध्ये जवळजवळ सव्वाशे वर्षे आहेत, भाषा दोन आहेत, पण विषय एकच: शस्त्र कोणी बाळगावे हे कोणी ठरवायचे. बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात हा प्रश्न रोज उभा असतो, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार नुसती दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. कोणाची बंदूक घ्यावयाची आणि कोणाची परत पाठवावयाची, हे त्याला कागद पाहून ठरवावे लागते.

त्या कागदांत, आमच्या मते, मालिकेचे खरे नाट्य आहे. दुकानातील नोंदवही उघडा. हत्यार कोणाचे, परवाना कोणाच्या नावे, बाप वारल्यावर मुलाच्या नावे झाला की नाही. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना हत्यारे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवावी लागतात, आणि रानडुकरांना मात्र आचारसंहिता लागू नसते. अर्ज कन्नडमध्ये, शेतकरी मराठी. तो दुकानदाराकडे बंदूक घेऊन येतो आणि कागद वाचून घेऊन जातो. सीमाभागात मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी किती जुनी आहे, हे येथील सभासदांना सांगावयास नको. परंतु ही मागणी सभेतील ठरावातून ऐकणे निराळे, आणि ठासणीच्या बंदुकीचा परवाना हातात धरून त्यावर काय लिहिले आहे हे शेजाऱ्याला विचारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहणे निराळे. ते वाचून दाखविणारा दुकानदार कन्नडभाषक असला तर प्रसंग अधिक खरा होईल. सीमेवरील माणसे ठरावांतल्यापेक्षा अशीच अधिक वागतात, असा आमचा अनुभव आहे.

हे लिहावे कोणी? कारखान्यातील माणूस आणि त्याची भाषा यांचा वस्तुपाठ शोधण्यास दूर जावे लागत नाही. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे यांनी आयुष्यभर लिहिले. विडी कामगार, मोटारचालक, गॅरेजमधील मिस्त्री ही त्यांची माणसे. वंगण, पाना, पट्टा यांचे शब्द त्यांच्या लिखाणात शोभेसाठी येत नाहीत. पात्र जे काम करते त्या कामाचे ते शब्द असतात. आपल्या समीक्षेने मोऱ्यांकडे पाहण्यास फार उशीर केला, आणि तोही पुरेसा केला नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो. मालिकेच्या लेखकाने पुण्या-मुंबईच्या कचेरीत बसून निपाणीची बोली बनविण्यापूर्वी या गिरणीवाल्याची पुस्तके वाचावीत. कोल्हापुरी ठसक्याची एक ठराविक बोली दूरचित्रवाणीने तयार केली आहे. 'तुझ्यात जीव रंगला'सारख्या मालिकांनी ती लोकप्रिय केली, हे त्यांचे यश. पण ती निपाणीची नव्हे, बेळगावची तर नव्हेच. बेळगावच्या मराठीत कन्नडचे हेल आहेत, क्रियापदांची निराळी वळणे आहेत, आणि मध्येच लष्करी हिंदी. ती ऐकून लिहावी लागेल.

गणवेशाभोवती फिरणाऱ्या मालिकांविषयी एक वाक्य पुरे. 'लागिरं झालं जी'ने जवानाला मराठी घरात आणले, पण प्रियकर म्हणून आणले. त्याच्या हातातील रायफल त्या कथेत वेषभूषेचाच भाग होती. ऐतिहासिक मालिकांत तर तोफा धूर सोडण्यासाठी असतात. माधवरावांच्या कारकीर्दीत तोफा आणि गोळे ओतण्याचे कारखाने सरकारी खर्चाने चालत होते. 'स्वामी'तून मनात उरते ती मात्र रमा-माधवांची कथा. याबद्दल देसायांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांना जे सांगावयाचे होते ते त्यांनी उत्तम सांगितले. उरलेले सांगण्याचे काम दुसऱ्याचे.

एक धोका राहतो. कारागिरी दाखविणे म्हणजे कृती शिकविणे नव्हे. अवैध बंदुका बनविणारे लोक देशात आहेत आणि त्यांना धड्यांची गरज नाही. पण एखाद्या उत्साही दिग्दर्शकाने नळीचे माप आणि खटक्याची रचना पडद्यावर मांडली, तर मालिका बंद पडेल, आणि बंद पडावीच. नळीतून उजेड पाहणारा डोळा दाखवावा, दस्त्यावर तेल चोळणारा अंगठा दाखवावा, नोंदवहीतील तीन लिप्या दाखवाव्यात. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'ने शेतकऱ्याला पडद्यावर बसवून त्याच्याच कामाविषयी बोलू दिले, तेव्हा कोणाला वाटले होते की लोक ते पाहतील? लोकांनी पाहिले.

त्या तरुण मित्राने शेवटी आम्हांस विचारले, मालिकेचे नाव काय ठेवावे. बंदूकवाला म्हटले तर चोर-पोलिसांचा खेळ वाटतो. इंग्रजी नाव ठेवण्याचा मोह त्याला होता, तो आम्ही मोडून काढला. पहिल्या भागापुरते त्याने एक दृश्य मात्र पक्के केले आहे: खानापूरकडचा एक शेतकरी आजोबाची ठासणीची बंदूक घोंगडीत गुंडाळून घेऊन येतो, दुकानदार ती सोडवून नळी उजेडाकडे धरतो, आणि शेतकरी विचारतो, "उडंल न्हवं?" दुकानदार नळी खाली न घेता म्हणतो, "परवाना आणलायसा?"